'कामेसु' मधला काम आणि 'नेक्खम्म'चे मराठी

प्रश्न असा आहे : बौद्ध पंचशीलातील तिसऱ्या शीलात 'कामेसु मिच्छाचारा' (कामांच्या बाबतीत गैर आचरण) असे पाली शब्द येतात, त्यातला 'काम' आणि 'कामवासना' या मराठी शब्दातला 'काम' एकच का? एकच असेल तर बुद्धाने गृहस्थालाही ब्रह्मचर्य सांगितले असे मानावे का? आणि 'नेक्खम्म' या पाली शब्दासाठी 'निष्कामता' हा प्रतिशब्द चालेल का?

शब्द एकच आहे, परंतु त्याची व्याप्ती एक नाही. मराठीत 'काम' या उच्चाराचे दोन वेगळे शब्द नांदतात. 'कामावर जाणे' यातला काम संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म' या वाटेने आलेला तद्भव आहे, तर 'कामक्रोध' यातला काम हा तत्सम आहे. पालीत 'कम्म' आणि 'काम' हे वेगळेच राहिले, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही. मराठीत मात्र तद्भवाने रोजच्या व्यवहाराची सगळी जागा व्यापली आणि तत्सम 'काम' आकसत जाऊन बहुतांशी लैंगिक इच्छेपुरता उरला. पाली वचने वाचताना हा आकसलेला अर्थ आपण नकळत सोबत नेतो, आणि माझ्या मते बहुतेक गैरसमजांचे मूळ इथेच आहे.

सुत्तनिपात या पाली ग्रंथातील अट्ठकवग्ग या विभागाचे पहिलेच सुत्त 'कामसुत्त' आहे. मनुष्य ज्या कामांची हाव धरतो त्यांची यादी त्यात अशी येते : 'खेत्तं वत्थुं हिरञ्ञं वा, गवास्सं दासपोरिसं, थियो बन्धू पुथु कामे'. शेत, जागा, सोने, गाईघोडे, दास आणि चाकर, स्त्रिया, आप्त हे सर्व येथे 'काम' आहेत. स्त्रीसुखाची ओढ या यादीत आहे, पण ती शेताच्या आणि सोन्याच्याच रांगेत बसलेली आहे. या सुत्तावर भाष्य करताना महानिद्देसाने कामाचे दोन प्रकार केले : 'वत्थुकाम', म्हणजे हव्याशा वाटणाऱ्या वस्तू, आणि 'किलेसकाम', म्हणजे त्यांच्याविषयी मनात उठणारी आसक्ती. बहुवचनी 'कामा' बहुधा पहिल्या अर्थाकडे झुकतो, आणि रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श या पाच 'कामगुणां'मध्येही विषयांचाच निर्देश आहे.

असे असले तरी दोष वस्तूंच्या माथी मारलेला नाही. अंगुत्तरनिकायातील एका गाथेत म्हटले आहे : 'सङ्कप्परागो पुरिसस्स कामो, न ते कामा यानि चित्रानि लोके'. जगातल्या नाना सुंदर वस्तू म्हणजे काम नव्हे, मनातल्या संकल्पातून उठणारा राग हाच पुरुषाचा काम. (येथे 'राग' म्हणजे अनुरक्ती, मराठी वाचकाने तो क्रोध समजू नये.) कामाविषयीची बौद्ध भूमिका इतक्या थोड्या शब्दांत मला अन्यत्र आढळलेली नाही.

आता तिसरे शील. 'काम' इतका व्यापक असला तरी 'कामेसु मिच्छाचार' हा पक्का झालेला शब्दप्रयोग आहे आणि त्याचा परंपरागत अर्थ लैंगिक दुराचार असाच आहे. आई, वडील, भाऊ किंवा पती यांच्या रक्षणाखालील स्त्रीशी संबंध ठेवणे असे त्याचे स्पष्टीकरण सुत्तांतच मिळते. निषेध 'मिच्छाचारा'चा आहे, कामाचा नाही. गृहस्थ उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी आठ शीले घेतो तेव्हा याच जागी 'अब्रह्मचरिया वेरमणी' (अब्रह्मचर्यापासून दूर राहणे) असा वेगळा शब्द येतो, आणि एवढ्या बदलावरूनच रोजच्या शीलात ब्रह्मचर्य अभिप्रेत नाही हे सिद्ध होते. भिक्षूच्या पहिल्या पाराजिकात (भिक्षुपद घालवणाऱ्या अपराधाच्या नियमात) तर 'काम' हा शब्द न वापरता 'मेथुन धम्म' असे नेमके म्हटले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये डॉ. आंबेडकरांनी 'व्यभिचार' हा शब्द योजला आहे, आणि त्या शीलासाठी तोच सर्वांत अचूक मराठी शब्द आहे असे मला वाटते.

'नेक्खम्म' अधिक अवघड आहे. बौद्ध संस्कृतात त्याचे रूप 'नैष्क्रम्य' असे मिळते, म्हणजे बाहेर पडणे. 'महाभिनिष्क्रमण' या परिचित शब्दात तोच धातू आहे. दुसरीकडे 'नैष्काम्य' या शब्दापासूनही ध्वनिदृष्ट्या 'नेक्खम्म' होऊ शकतो, कारण जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर पालीत ऱ्हस्व होतो. इतिवुत्तकातील 'कामानमेतं निस्सरणं यदिदं नेक्खम्मं' या वाक्यात दोन्ही छटा एकत्र आल्या आहेत : कामांतून जी सुटका, तेच नेक्खम्म. 'निष्कामता' घेतली तर निघून जाण्याची क्रिया हरवते, शिवाय फळाची आशा न धरता केलेले कर्म हा निराळाच विचार मराठी वाचकाच्या मनात येतो; आणि गीतेतले 'नैष्कर्म्य' तर 'कर्म' शब्दावरून आलेले, सर्वस्वी वेगळे आहे. 'संसारत्याग' म्हटले तर ते फक्त भिक्षूंचे होते, परंतु अष्टांगिक मार्गातील सम्यक् संकल्पाच्या तीन अंगांपैकी पहिले अंग 'नेक्खम्मसंकप्प' आहे आणि तो मार्ग गृहस्थालाही खुला आहे. म्हणून मी 'नैष्क्रम्य' हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला 'विषयसुखांतून बाहेर पडणे' असा खुलासा जोडतो.

'कामच्छन्द'चे भाषांतर करतानाही सावधगिरी हवी. पाच नीवरणांतले, म्हणजे मनाच्या एकाग्रतेआड येणाऱ्या अडथळ्यांतले, हे पहिले. पण यातला 'छन्द' (इच्छा) स्वतः दोषी नाही, कारण चार इद्धिपादांमध्ये, म्हणजे सिद्धीच्या आधारांमध्ये, तोच छन्द साधनेचे बळ म्हणून येतो. त्यामुळे 'कामच्छन्द'साठी 'विषयलालसा' बरी, नुसती 'इच्छा' नको. 'वासना'ही मी टाळतो, कारण पालीत 'वासना' म्हणजे पूर्वीच्या सवयीचा मागे राहिलेला संस्कार. 'तण्हा'साठी मात्र आपल्याकडे उसना शब्द शोधण्याची गरज नाही : 'तृष्णा'पासून 'तण्हा' आणि त्याच वाटेने मराठी 'तहान' आली आहे, आणि 'कामतण्हा' म्हणजे विषयांची तहान असे म्हटले की अर्थ लगेच उमगतो.