शुष्क प्रदेश पाहिलेलाच नाही, मग कम्युनिकेशन्स इंटर्नशिपसाठी अर्ज करू का?

समाजकार्याची पदवी नाही, शुष्क प्रदेश कधी पाहिलेला नाही, फ्रेंच येत नाही. पत्रकारिता शिकलेल्या एका मुलीने या तीन कारणांसाठी अर्ज अर्धवट भरून ठेवला होता. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आणि बऱ्याच ठिकाणी फ्रेंच चालणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, काम करणाऱ्या एका संस्थेला कम्युनिकेशन्स इंटर्न हवा होता. तिचा खरा प्रश्न निवडीचा नव्हताच. ती म्हणाली, "मॅडम, जे मी पाहिलं नाही त्यावर लिहायचा मला काय अधिकार?"

प्रश्न रास्त आहे आणि तो पडणारी माणसं या कामाला हवीच असतात. पण कामाची कल्पना चुकली की भीती उगाच वाढते. इंटर्नला गावोगाव फिरून कथा गोळा करायच्या नसतात. ते काम स्थानिक सहकारी करतात. त्यांच्याकडून आलेल्या नोंदी, फोटो आणि व्हॉइस नोट यांतून मजकूर तयार करणं, फोटोंचा संग्रह नीट लावणं, वार्तापत्राची जुळणी, देणगीदारांच्या अहवालाचं मुद्रितशोधन, समाजमाध्यमांसाठी छोटा मजकूर, असा दिवस जातो. इथे सर्वात मोठा गुण म्हणजे नेमकेपणा. तो घरबसल्या दाखवता येतो.

म्हणून तिला एक नमुना तयार करायला सांगितलं. कोणत्याही संस्थेचा जाहीर वार्षिक अहवाल घ्यायचा, त्यातल्या एकाच कामावर अडीचशे शब्द लिहायचे, एका फोटोची ओळ लिहायची, आणि सोबत प्रत्येक विधान अहवालाच्या कोणत्या पानावरून घेतलं त्याची यादी जोडायची.

पहिल्या मसुद्यातच दोन चुका होत्या, आणि नव्याने लिहिणारे बहुतेक जण त्याच करतात. "वाळवंट गावांवर चालून येत आहे" हे तिचं पहिलं वाक्य. वाळवंटीकरण म्हणजे वाळू पुढे सरकणं नव्हे. शुष्क प्रदेशातल्या जमिनीचा कस आणि आच्छादन जाणं म्हणजे वाळवंटीकरण. हवामानातले बदल आणि माणसाचा वापर ही दोन्ही त्याची कारणं. १९९४ साली झालेला संयुक्त राष्ट्रांचा करार याच अर्थाने तो शब्द वापरतो. आणि शुष्क प्रदेश म्हणजे ओसाड रान नव्हे. वर्षाचा पाऊस आणि त्या हवामानात बाष्प होऊन उडू शकणारं पाणी यांचं गुणोत्तर ०.६५ च्या खाली असलं की तो प्रदेश या व्याख्येत बसतो. जगातली सुमारे ४० टक्के जमीन अशी आहे, आणि तीत गवताळ कुरणं आणि ज्वारी-बाजरीची शेतंही येतात. तिथली जमीन "निरुपयोगी" म्हटली की पशुपालकांचा तिच्यावरचा हक्कच पुसला जातो. ही शब्दाची चूक थेट माणसांच्या पोटावर येते.

दुसरी चूक फोटोच्या ओळीत. साहेलमधल्या नायजर या देशातल्या त्या फोटोत काही बायका कुदळीने जमीन खणत होत्या. तिने लिहिलं होतं, "दुष्काळाशी झुंजणाऱ्या असहाय महिला". फोटोत असहाय कुणीच नव्हतं. खणणं काय चाललंय, हे आधी समजून घ्यायला सांगितलं. ते अर्धचंद्राकृती खड्डे होते: साधारण चार मीटर व्यासाचे, तोंड चढाकडे, उताराच्या बाजूला मातीचा बांध. टणक पापुद्रा धरलेल्या जमिनीवरून वाहून जाणारं पाणी त्यात अडतं आणि मुरतं. खड्डे समपातळी रेषेवर, म्हणजे उतारावरच्या एकाच उंचीच्या ओळीत, नसले तर पाणी टोकाकडून निसटतं आणि बांध फुटतो. मग नवी ओळ आली: "नायजर: महिला पाणी अडवण्यासाठी अर्धचंद्राकृती खड्डे खणत आहेत. अडलेल्या पाण्यावर इथे बाजरी पेरली जाईल." मात्र बाजरीचा उल्लेख अहवालात असेल तरच ठेवायचा, आणि "पावसाळ्यापूर्वी" लिहायचं तर फोटोची तारीख हाती हवी.

नमुन्याच्या शेवटी तिने सहकाऱ्याला विचारायच्या प्रश्नांची यादी जोडली. अख्ख्या अर्जातला सर्वात दमदार भाग तोच होता. खणण्याची मजुरी मिळाली का? जमीन कुणाच्या नावावर? उत्पन्न वाढलं म्हणता, पण त्या वर्षी पाऊसच चांगला होता का? शेजारच्या, खड्डे न खणलेल्या शेतात काय झालं? शेवटचे दोन प्रश्न विचारले नाहीत तर चांगल्या पावसाचं श्रेय प्रकल्पाच्या नावावर जमा होतं.

मुलाखतीत संमतीबद्दल हमखास विचारतात. सही असलेला कागद पुरेसा नसतो. फोटो कुठे, किती काळ वापरणार, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितलेलं हवं. नकार दिला तरी मदत थांबणार नाही, हेही. मुलांसाठी पालकांची संमती लागते. साहेलच्या काही भागांत सशस्त्र गट सक्रिय आहेत, तेव्हा पूर्ण नाव आणि गाव एकत्र छापणं धोक्याचं ठरू शकतं. फोटो प्रसिद्ध करण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद काढावी लागते. उलट, संग्रहासाठी मूळ तपशील लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि तारखेची नोंदही जाते. म्हणून सहकाऱ्यांना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं.

फ्रेंचची अडचण खरी आहे, ती लपवू नये. यंत्राने केलेला अनुवाद कामापुरता चालतो, पण कुणाच्या तोंडचं वाक्य अवतरणात टाकायचं असेल तर ते भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्यावंच लागतं. अर्जात तिने हे असंच लिहिलं.

होकार कळवण्याआधी मानधन, कामाचे तास, थेट वरिष्ठ कोण आणि केलेलं काम पुढे नमुना म्हणून दाखवता येईल का, हे लेखी विचारून घ्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपलाही पगार नसतो, त्यामुळे संस्थेचं नाव मोठं असलं तरी पैशांचा प्रश्न विचारायला संकोचू नये. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लेखनशैलीची पुस्तिका, संमतीपत्राचा नमुना आणि मजकुरावर शेवटची मान्यता कोणाची, हे मागून घ्यायचं.