टाटा इस्टेट घ्यायची तर आधी काचा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही नोकरी करता, पेडण्याला राहता. सावंतवाडीजवळ एका आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली १९९५ची टाटा इस्टेट, म्हणजे लांब छपराची, मागे मोठी डिकी असलेली वॅगन गाडी, मिळतेय. इंजिन बंद, कागद एमएच-०७चे (म्हणजे सिंधुदुर्गचे), आणि मालक म्हणतो "बॉडी एकदम ओके". घ्यावी का, आणि दोघांच्यानं ती उभी राहील का?

आम्ही नवरा-बायकोनं फोंड्यात बसून हीच गाडी उभी केली आहे आणि ती आज चालते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात "इंजिन बंद" याची भीती दिसते आणि "बॉडी ओके" यानं जीव भांड्यात पडलेला दिसतो. माझ्या मते नेमकं उलटं व्हायला हवं. इस्टेट १९९२ साली आली, टाटाच्याच सिएराच्या पाठोपाठ. वरून ती तेव्हाच्या मर्सिडीज वॅगनची आठवण करून देते, पण खाली आहे टाटामोबाइल पिकअप: लॅडर चॅसी (बॉडीखालचा शिडीसारखा लोखंडी सांगाडा), मागच्या चाकांना ड्राइव्ह, १९४८ सीसीचं साधं डिझेल इंजिन. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. हेच इंजिन सिएरात होतं, २०७ पिकअपमध्ये होतं आणि पुढे सुमोतही आलं. सुमो गावोगाव धावल्या. त्यामुळे पिस्टन-रिंग, बेअरिंग, हेड गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट, सगळं अजून मिळतं, आणि म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही पन्नाशीचा मिस्त्री गाठा, हे इंजिन त्यानं डझनांनी खोललेलं असतं. आमच्या मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेट न उघडताच विचारलं, "इंजीन आमी करतले बाय, पूण पत्र्याचें कितें?"

पत्रा आणि काच. इस्टेट फारशी खपली नाही, म्हणून जे फक्त इस्टेटचं आहे ते आज मिळत नाही. समोरचा भाग सिएराशी बराच जुळतो, हेडलाइटची सोय लागते. (तरी जागेवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.) पण मागचे टेललॅम्प, डिकीचं दार, डिकीची काच, मागच्या बाजूच्या लांब काचा आणि त्यांची रबरं, यांसाठी वणवण होते. पुढची विंडस्क्रीन लॅमिनेटेड असते, ती बनवून देणारे आहेत. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन केलेल्या, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. आकार, बाक, भोकं सगळं भट्टीत जाण्याआधीच करावं लागतं. सपाट काच असती तर मापानं कापून टफन करून घेता आली असती. बाकदार असली की साचा आला, आणि एका काचेसाठी साचा करायला कोणी तयार होत नाही. झालाच, तर रक्कम ऐकून आपण परत येतो.

म्हणून आवारात गेलात की आधी काचा बघा. फुटलेली एक मागची काच, मोडलेला एक टेललॅम्प, गहाळ झालेली एक क्रोमपट्टी यांनी किंमत जेवढी उतरायला हवी, तेवढी जाम झालेल्या इंजिनानंसुद्धा उतरायला नको.

मग पत्रा. फ्रिजवर लावतो तसलं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही. दारांच्या खालची पट्टी, चारही चाकांच्या कमानी, डिकीच्या दाराची खालची कड आणि मागच्या काचांखालचा पत्रा यांवरून ते हळूहळू सरकवा. चांगल्या पत्र्यावर चुंबक हाताला ओढ देतं. आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तिथे ओढ एकदम सैल पडते, आणि लांबीचा थर जाड असेल तर चुंबक सरळ खाली घसरतं. पाच मिनिटांत "बॉडी ओके"चा निकाल लागतो. मालकाच्या देखत करा, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नंतर आतली मॅट उचला. त्याखाली डांबरी शीट असते, त्याखाली पाणी साचून राहतं आणि फ्लोअर खालून नाही तर वरून सडतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणटण आवाज आला तर बरं, भसभशीत आला तर तिथे पत्रा नसून पापुद्रा आहे. वॅगनचं छप्पर लांब, त्यात वर कॅरिअर बसवलेला असला तर त्याच्या स्क्रूंतून पाणी आत उतरतं. त्यामुळे छताच्या अस्तरावर पिवळसर डाग आहेत का बघा, आणि असले तर त्यांच्या रेषेत खाली काय सडलंय ते शोधा. शेवटी गाडीखाली शिरून चॅसी, आणि बॉडी जिथे रबरी मांडणीवर चॅसीला बसते त्या जागा तपासा. बॉडीचं फ्लोअर बदलता येतं. चॅसी पोखरलेली असेल तर नमस्कार करून घरी या.

आता थोडं कटू. गाडी सावंतवाडीत ताडपत्रीखाली आहे, हे मला मुळीच आवडलेलं नाही. पणजीत वर्षाला २९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सावंतवाडी त्याला हार जाणारी नाही. त्यात ताडपत्री जमिनीची वाफ आत कोंडून ठेवते. उघड्यावर भिजून वाळणारी गाडी एकवेळ परवडली. त्यात लाल माती कमानींच्या आत थापली गेली की मे महिन्यापर्यंत ओल धरून बसते. आम्ही म्हणून गोवा-सिंधुदुर्गातल्या गाड्या बघायचंच सोडून दिलं आणि घाटावर शोधलं. सोलापूर, विजापूर या पट्ट्यात पणजीच्या जेमतेम पाव हिस्सा पाऊस. तिकडची गाडी रंगानं उडालेली असते, सीट उन्हानं फाटलेली असते, डॅशबोर्डला भेगा असतात. पण पत्रा कोरडा मिळतो, आणि गाडी ट्रकवर टाकून आणण्याचा खर्च फ्लोअर नवीन करण्यापेक्षा कितीतरी कमी पडतो. सावंतवाडीची जरूर बघा, पण पहिलीच बघितली म्हणून तीच घेऊ नका.

कागदांचं. कोणी "विंटेज नंबर काढून देतो" म्हणालं तर त्याला तिथेच सोडा. २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी, आणि ती रोज रस्त्यावर वापरताही येत नाही. १९९५च्या गाडीला ते २०४५ साली. तुमची गाडी कायद्यानं साधी जुनी खाजगी गाडी. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१० पर्यंत. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. दिल्लीतल्या दहा वर्षांच्या डिझेल-बंदीच्या बातम्या वाचून घाबरला असाल तर ती बंदी राजधानी परिसराची आहे, इकडची नाही.

पेच असा, की नूतनीकरण राहिलेलं असेल तर ते आधी मूळ आरटीओत व्हायला हवं, मग एनओसी, मग गोव्यात टॅक्स आणि नवा नंबर. आणि नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे ती चालायला हवी. वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी २०२५ पासून दहा हजार झाली आहे, उशिराचा दंड दर महिन्याला पाचशे, आणि हा दंड थकलेल्या महिन्यांनी गुणला की मालकाची "फक्त जरा पेपर बाकी आहेत" ही ओळ किती महाग आहे ते कळतं. हा खर्च कोणाचा, ते टोकन देण्याआधी लिहून घ्या. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेचं पत्र मालकानंच आणायचं. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी फायनान्स कंपन्या आता शोधूनही सापडत नाहीत. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावे, मग तुमच्या. नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. आणि चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. गंजलेल्या चॅसीवर तो वाचता येत नसेल तर पुढची तपासणी अडलीच.

"दोघांच्यानं होईल का" हे तुम्ही शेवटी आणि जरा लाजत विचारलंय, पण खरा प्रश्न हाच आहे. कामाची वाटणी आपोआप होते, त्याची चिंता नको. आमच्याकडे आरटीओ, हिशेब आणि पार्टसाठी फोन माझ्याकडे, गॅरेजला उभं राहणं नवऱ्याकडे, कारण मिस्त्री त्याच्याशी तास-तास गप्पा मारतात आणि मला दर सांगतात. भांडण होतं ते गाडी कशी हवी यावरून. माझ्या नवऱ्याला स्क्रूसुद्धा मूळचा हवा. मला एप्रिलमध्ये सासूबाईंना घेऊन कोल्हापूरला जाता येईल अशी गाडी हवी होती, म्हणजे थंड एसी, घट्ट सीटबेल्ट आणि धुराचा वास नाही. तोडगा असा निघाला: नटबोल्ट सोडून पुन्हा जसंच्या तसं करता येईल तो बदल चालेल, पत्रा कापावा लागेल तो नाही. एकदा हे ठरलं की निम्मे वाद गॅरेजच्या दारातच मिटतात. कायद्यालाही हे सोयीचं आहे. ढाचा बदलायला परवानगी नाही, इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी लागते, रंग बदलला तर तोही आरसीवर चढवावा लागतो. आम्ही म्हणून मूळचाच निळा ठेवला.

एसीबद्दल एक. त्या काळच्या गाड्यांत आर-१२ गॅस असायचा, तो आता बंद झालाय. आर-१३४ए वर न्यावी लागते. नुसता गॅस बदलून देणाऱ्याकडे जाऊ नका. कॉम्प्रेसरचं तेल, ओ-रिंग आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदलला नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच.

धुराचं मात्र नीट समजून घ्या, कारण वॅगनचा हा जातीचा दोष आहे. चालत्या वॅगनच्या उभ्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथे घुटमळतो, आणि डिकीचं रबर जिथे चपटं झालं असेल तिथून आत ओढला जातो. पुढची खिडकी उघडी असली की आणखी. मागे मुलं बसणार असतील तर हे वासापुरतं राहत नाही, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. दारात नोट धरून डिकी बंद करा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथलं रबर गेलं. चारही कडांना असं करत जा. त्याच वेळी डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडेही बघा, ढिले असतील तर दार डोक्यात येतं. दांड्यावर न्यूटनचा आकडा छापलेला असतो. तो आकडा आणि लांबी जुळली की दुसऱ्या गाडीचे बसतात.

इंजिनाला एवढंच सांगते, की धक्का मारून किंवा बॅटरी जोडून "बघूया चालू होतं का" असं कोणालाही करू देऊ नका. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धुवा, रबरी पाइप सगळे बदला, हीटर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक दिवस जाऊ द्या, मग पान्यानं इंजिन हातानं फिरवा. फिरलं तर मिस्त्रीला बोलवा. ब्रेकचे व्हील सिलिंडर मात्र न बघताच नवे धरा. इतकी वर्षं उभ्या गाडीचे ते जाम झालेलेच असतात. व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरला जोडलेला असतो, तोही तपासून घ्या, नाहीतर ब्रेक दगडासारखा लागतो.

वेळापत्रक पावसावर बांधा. पत्रा आणि रंग दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवायचे. लांबी आणि प्रायमर ओल पितात. प्रायमरवर गाडी जूनमध्ये पोचली तर वरून कितीही भारी रंग मारा, पुढच्या वर्षी फोड येतात. पेंटर "होऊन जाईल" म्हणेल. त्याला वीस मेनंतर रंगाचा डबा उघडू देऊ नका. गंजावरून काळं अंडरकोटिंग मारून घेणं म्हणजे गंजाला पांघरूण. आधी पत्रा उघडा, वेल्डिंग, इपॉक्सी प्रायमर, पट्टीच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण), आणि दारांखालची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी. पावसाळ्यात वायरिंग, सीट, पार्ट शोधणं करा. चवथीच्या आसपास गॅरेजला कुलूप असतं, तेव्हा तारीख मागण्यात अर्थ नाही. लेथचं काम पडलं तर कोल्हापूरचं उद्यमनगर, आणि सुटे भाग धुंडाळायला मुंबईला कुर्ल्याचा जुना बाजार.

पैशांचा आकडा मी देत नाही, तो पत्र्यावर ठरतो. एवढं धरा, की खरेदीची रक्कम हा एकूण खर्चातला लहान वाटा असेल, आणि विकताना तो परत येणार नाही.

या रविवारी जाणार असाल तर सहा फोटो काढून इथे टाका: डिकीच्या दाराची खालची कड, दोन्ही मागच्या कमानी आतून, मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचं फ्लोअर, चॅसी नंबर आणि आरसीची दुसरी बाजू. कागदाच्या फोटोवरचं नाव-पत्ता तेवढा झाका. ते बघून मी आणि नवरा दोघंही सांगू. तोपर्यंत टोकन देऊ नका, मालक कितीही म्हणाला की गोव्याचं दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय.