बोरमाळ मोडली, पण चार महिने वाया गेले नाहीत

पत्र: "नवरा यंत्रमागावर आहे, मी घरी बिड्या वळते. बोरमाळ मोडून त्यांना महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. चार महिने थेंब घेतला नाही. जानेवारीत मित्रांबरोबर गड्ड्याच्या जत्रेला गेले आणि पुन्हा सुरू झालं. आता सकाळी क्वार्टर पोटात गेल्याशिवाय तुटलेला धागा जोडता येत नाही, इतकी बोटं थरथरतात. मालकाला मीच सांगते, ताप आलाय म्हणून. सासूबाई म्हणतात, चार दिवस खोलीत कोंड. शेजारीण चहात घालायला दारू सुटायची पुडी आणून देणार आहे. सातवीतला मुलगा बोलेनासा झालाय. सगळं पाण्यात गेलं का?" – एक बहीण, पूर्व भाग, सोलापूर

ताई,

आधी पुडीचं बोलते, कारण ती आजच घरात यायची. ती चहात घालू नका. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डॉक्टर दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून ती गोळी तपासण्या करून, माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. चोरून कधीच नाही.

सासूबाईंची माया मला कळते, पण कोंडूही नका. ती सकाळची थरथर फार महत्त्वाची आहे. दारू मेंदूला मंद करते. रोजच मिळायला लागली की मेंदू तिच्यासकट काम करायला शिकतो, आणि ती एकदम तोडली की उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस बरळायला लागतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. बंद खोलीत हे झालं तर हातचा माणूस जाईल. दवाखान्यात औषधांनी ही थरथर हळूहळू उतरवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे घेऊन जा. रोज किती पितात आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरं सांगा. घरातून निघण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

आता बोरमाळेचं. पत्रात त्या ओळीवर मी थांबले. हजार हजार बिड्या वळून केलेला दागिना, त्याचं दुःख मोठंच आहे. पण ते चार महिने खोटे नव्हते. माणूस दारूशिवाय मागावर उभा राहू शकतो, हे तुम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय. व्यसन हा उलटणारा आजार आहे. शरीर महिन्याभरात सावरायला लागतं, पण मेंदूतली ओढ जुन्या सोबतीत, जुन्या ठिकाणी जागी होते. होम मैदानावरच्या जत्रेतली ती संध्याकाळ, तेच मित्र, हातात पगार. नुसत्या इच्छाशक्तीवर हे निभवायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

केंद्रातून आल्यावर ते पुन्हा तपासायला गेले का, याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. बहुतेक नसावेत. डिस्चार्ज म्हणजे उपचार संपले, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. खरं तर तिथून पुढे डॉक्टरांकडे नियमित जायचं असतं, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगाही धरायच्या असतात. त्या 1935 पासून चालू आहेत, फी नसते, बोलणारे सगळे त्यातून गेलेले असतात. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. तिथे तुम्ही जा, ते येवोत न येवोत.

मालकाला ताप सांगणं मात्र थांबवा. त्यांचा खाडा त्यांनाच सांगू दे. बिड्यांची मजुरी तुमच्याच हातात ठेवा. हात उचलला तर मुलाला घेऊन बाहेर पडा आणि 112 ला फोन लावा.

बोलायचं ते सकाळी लवकर, पिण्याआधी बोला. "तुम्ही चार महिने राहिलात. परत जाऊ या, मी बरोबर येते." एवढंच. रात्री झिंगलेल्या माणसाशी वाद घालण्यात तुमचा जीव जातो, हाती काही लागत नाही.

आणि मुलगा. तुम्ही पानं कापत असाल तेव्हा त्याला शेजारी बसवा आणि सांगा, पप्पांना आजार झालाय, तो तुझ्यामुळे झालेला नाही. या वयाची मुलं मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसतात. तो लगेच काही बोलणार नाही. बसू दे त्याला तसाच.