जर्मनीच्या प्रोजेक्टवर निघालायस तर

'साहेब हो म्हणाले, म्हणजे झालं काम' ही पुण्याची सवय तिथे नेऊ नकोस. माझं पहिलंच वेळापत्रक त्यात अडकलं. शनिवारचा ओव्हरटाइम मॅनेजरने मान्य केला, 'बेट्रीब्सराट'ने नाही. ही कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती. आपल्या युनियनसारखी वाटते, पण युनियन नव्हे. ओव्हरटाइम असो की कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, तिची संमती लागतेच. १९७६ च्या कायद्याने तर २००० हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या. (मतं समसमान पडली की अध्यक्षांचं जादा मत, आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचाच!) तेव्हा क्लायंटला तारीख कबूल करण्याआधी समितीची बैठक कधी आहे, ते विचारून घे.