‘सुमारास’ हा शब्द वहीतून काढून टाक

पेडणे,
दसऱ्यानंतरचा रविवार

अनेक आशीर्वाद.

केरीच्या किनाऱ्यावरून पाठवलेली तुझी नोंद वाचली. ‘सव्वासातच्या सुमारास एक ठिपका उत्तरेकडून दक्षिणेकडे गेला, अ‍ॅपमध्ये सापडत नाही, गुप्तहेर उपग्रह असेल का?’ असेलही. अमेरिका आपल्या हेरगिरीच्या उपग्रहांच्या कक्षा जाहीर करत नाही. हौशी निरीक्षकच त्या मोजून काढतात. पण मी अडलो तो ‘सुमारास’पाशी.

खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. तुझं सुमारास पाच मिनिटांचं असेल, तर तो २,००० किलोमीटरांहून जास्त लांबीच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. एवढ्यावरून ओळख कशी पटवायची?

म्हणून असं कर. त्याच्या वाटेवर जवळजवळ असलेले दोन ओळखीचे तारे हेर. त्यांना जोडणारी रेषा ठिपका ओलांडेल त्या क्षणी स्टॉपवॉच दाब, आणि पहिल्या ताऱ्यापासून किती अंतरावर ओलांडली तेही लिही: निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर, जसं असेल तसं. एका फेरीत अशा दोन-तीन वेळा मिळाल्या तर सोनं. तो पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला, तर ती जागाही टिपून ठेव. त्यावरून उंचीचा अंदाज बांधता येतो.

मग जुळवाजुळव. एखादा माहितीतला उपग्रह त्याच वाटेने, पण थोडा आधी किंवा उशिरा जाणार होता का, हे आधी बघ. कक्षेचे आकडे जुने झाले की नेमकी वेळच सरकते. मी स्वतः एकदा ‘नवा उपग्रह सापडला’ म्हणून चार जणांना सांगून बसलो होतो. माझं घड्याळ मिनिटभर पुढे होतं, आणि तो होता रॉकेटचा एक जुना रिकामा टप्पा. ती चूक अजून सलते.

तू रेडिओकडेही वळणार म्हणतोस ते उत्तम. पेडण्याच्या स्टेशनावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा आठव: येताना चढा, जाताना उतरलेला. उपग्रहाची फ्रिक्वेन्सी तशीच घसरते. १३७ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण तीन किलोहर्ट्झचा. घसरणीची ती वक्ररेषा कुठल्या कक्षेशी जुळते हे तपासत जायचं.

कॅनडाच्या स्कॉट टिली या हौशी निरीक्षकाने जानेवारी २०१८ मध्ये हेच केलं. तो शोधत होता ‘झूमा’ हा गुप्त उपग्रह. मिळाला वेगळाच संदेश. तो त्याने झूमाच्या नावावर ढकलला नाही. वक्ररेषा जुळवली, तर निघाला ‘इमेज’: नासाचा, डिसेंबर २००५ पासून मुका झालेला. पुढे नासानेही ते मान्य केलं. झूमा हवा असताना ‘हा झूमा नाही’ असं म्हणता येणं, मला त्याच्यातलं सगळ्यात मोठं तेच वाटतं.

तोवर तुझ्या नोंदीपुढे ‘अनोळखी’ एवढंच लिही. त्यात कमीपणा नाही.

केरीला पश्चिमेकडे ट्रॉलरचे दिवे डोळ्यांवर येतात, तेव्हा समुद्राकडे पाठ करून बस. शनिवारी मी दुर्बीण घेऊन येतो. साडेसहाच्या आत पोच, घड्याळं आधी जुळवू.