विद्यापीठात दोन महिने झाले, तरी एकही मित्र नाही. दोष माझ्या स्वभावात आहे का?

बीड जिल्ह्यातून एम.एस्सी.साठी सोलापूरला येऊन दोन महिने झाले, वर्गातील सर्वजण आपापल्या घोळक्यात असतात आणि आपण एकटेच पडतो, असे तुम्ही लिहिले आहे. मीही अंबाजोगाईहून याच विद्यापीठात आलो होतो आणि पहिले सत्र जवळजवळ मुक्यानेच काढले, म्हणून उत्तर देतो आहे.

दोष स्वभावात शोधण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ केवळ सोलापूर जिल्ह्यापुरते आहे. त्यामुळे बार्शी, पंढरपूर किंवा शहरातील एकाच महाविद्यालयातून पदवी घेतलेली मुले येथे तीन वर्षांची ओळख सोबत घेऊनच येतात. त्यांनी तुम्हाला टाळलेले नसते, त्यांना नव्या ओळखीची निकडच नसते. त्यातच अनेकजण अप-डाऊन करणारे असल्याने शेवटचा तास संपताच त्यांचे लक्ष एसटीकडे लागते, आणि विद्यापीठाचा केगावचा परिसर शहराबाहेर असल्यामुळे संध्याकाळी सहज कोणी भेटेल, अशी शक्यताही कमीच.

म्हणून घोळक्यात शिरण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आणि एकाच माणसाशी, रोज ठरलेल्या वेळी बोलू लागलो. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभा राहणारा मुलगा शहराच्या पूर्व भागातला, विणकर पद्मशाली कुटुंबातला होता. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मित्रांशी तो तेलुगूत बोलू लागला की मला परके वाटे, पण एकदा धीर करून एका शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा सगळ्यांनी मिळून माझा उच्चार सुधारण्यात अर्धा तास घालवला (तो अजूनही सुधारलेला नाही). पुढे डबा एकत्र उघडू लागलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मधे ठेवली की बोलण्यासाठी वेगळा विषय शोधावा लागत नाही. जानेवारीत त्यानेच मला गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेला नेले, आणि सात नंदीध्वजांच्या (उंच, सजवलेल्या काठ्यांच्या) मिरवणुकीतील गर्दीत त्याच्या मित्रांशी जी ओळख झाली, ती वर्गात कधीच झाली नसती.

युवा महोत्सवासाठी नाव अवश्य द्यावे. मंचावर जायचे नसेल तर नेपथ्याची कामे असतात आणि तालमीच्या निमित्ताने तीच माणसे रोज भेटतात.

वसतिगृहात राहत असाल, तर दर शनिवारी गावी जाणे मात्र निदान दिवाळीपर्यंत थांबवा. मागे राहणारी चार-पाच मुले रविवारी मेसमध्ये एकाच टेबलावर बसतात.