'एडलवाइस' खरंच ऑस्ट्रियाचं लोकगीत आहे का?

प्रश्न: 'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमात ऑस्ट्रियाचा कॅप्टन गिटार घेऊन 'एडलवाइस' गातो ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललोय. आमच्या ग्रुपवर एकजण तर म्हणतो ते त्यांचं राष्ट्रगीतच होतं. खरं काय? आणि आवाज कॅप्टनचं काम करणाऱ्या क्रिस्टोफर प्लमरचाच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: लोकगीतही नाही आणि राष्ट्रगीत तर नाहीच नाही! गाणं अमेरिकेत बनलंय, 1959 साली, ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांतल्या, याच नावाच्या संगीत नाटकासाठी. सिनेमा नंतरचा, 1965 चा. चाल रिचर्ड रॉजर्सची, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे.

झालं असं की न्यूयॉर्कला नाटक लागायच्या आधी बॉस्टनला प्रयोग चालू होते, तेव्हा या दोघांना वाटलं की कॅप्टनला त्याचं असं एक गाणं पाहिजे, हिटलरमुळे देश सोडून जाताना त्याच्या मनात काय चाललंय ते कळलं पाहिजे, आणि कॅप्टनचं काम करणारा थिओडोर बिकेल मुळात लोकगीतं गाणारा, गिटारवर हात बसलेला, मग त्यालाच शोभेल असं साधंसुधं लोकगीताच्या थाटाचं गाणं केलं. आता गंमत बघा, हा बिकेल जन्माने व्हिएन्नाचाच, ज्यू कुटुंबातला, 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर आईवडिलांबरोबर पॅलेस्टाइनला निघून गेलेला. म्हणजे गाणं पक्कं अमेरिकन, पण स्टेजवर ते पहिल्यांदा गाणारा माणूस खरोखर तो देश सोडून आलेला! मला तरी सिनेमातल्या सीनपेक्षा हेच जास्त भिडतं.

हॅमरस्टाइनला तेव्हा पोटाचा कॅन्सर होता, ऑगस्ट 1960 मध्ये तो गेला. 'एडलवाइस' हे त्याने लिहिलेलं शेवटचं गाणं. म्हणूनच सिनेमासाठी दोन नवीन गाणी लागली तेव्हा त्यांचे शब्दही रॉजर्सने स्वतःच लिहिले.

तुमच्यासारखा गैरसमज भल्याभल्यांचा झालाय हो. बिकेल स्वतः सांगायचा की एक चाहती सही घ्यायला आली आणि म्हणाली, हे गाणं मला आधीपासून माहितीये, फक्त जर्मनमधून! 1984 साली ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसला आले होते तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेबांनी मेजवानीच्या भाषणात याच गाण्याच्या ओळी म्हटल्या. सिनेमात शेवटी साल्झबर्गचं अख्खं पब्लिक कॅप्टनच्या सुरात सूर मिळवतं, ते बघून कुणालाही वाटणारच की यांना हे लहानपणापासून पाठ आहे. प्रत्यक्षात ऑस्ट्रियात हा सिनेमा फारसा चाललाच नाही, ज्या खऱ्या कुटुंबावर ही गोष्ट बेतलीय त्याच कुटुंबावरचा जर्मन सिनेमा 1956 लाच येऊन गेला होता. एडलवाइस नावाचं फूल मात्र अस्सल तिथलं, त्यांच्या 2 सेंटच्या नाण्यावर आहे बघा.

आणि आवाज प्लमरचा नाही. त्याची गाणी बिल ली नावाच्या गायकाने म्हटलीत, प्लमरने फक्त ओठ हलवलेत. पण काय हलवलेत!